दोष आढळला नाही

एकदा एक वृद्ध तंत्रज्ञ होता, आणि आपल्या घराच्या माडीवर त्याने एक जाळं मांडलं होतं. दृष्टांतातला गुरू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पार, दाढी आणि कमंडलू येतो. या गुरूला दाढी नव्हती. हाफ शर्टाच्या खिशात टेस्टर असे, हातात पक्कड असे, आणि कोयनाकाठच्या एका तालुक्याच्या गावी टेलिफोन एक्सचेंजमध्ये छत्तीस वर्षं काढून तो निवृत्त झाला होता. आडनाव खैरमोडे. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला जातात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. खैरमोडेकाकांनी कुठल्याशा कार्यालयातून भंगारात निघालेले तीन राउटर आणि दोन स्विच घरी आणले, ते केबलींनी एकमेकांना जोडले आणि दोन टोकांना दोन जुने संगणक ठेवले. राउटर म्हणजे निरोप योग्य वाटेला लावणारं यंत्र आणि स्विच म्हणजे जवळजवळचे संगणक एकत्र जोडणारी पेटी, एवढं समजलं तरी या गोष्टीपुरतं पुरे. ती यंत्रं सुरू झाली की माडीवर पंख्यांची घरघर सुरू होई आणि काकू खालून विचारीत, "गिरणी किती वेळ चालणार आहे?"

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा शहरात क्लास होते आणि तालुक्याला टपाल होतं. संगणकांच्या जाळ्यांची मोठी व्यावसायिक परीक्षा द्यायची तर खाकी कागदात बांधलेलं पार्सल मागवायचं. त्यात विटेएवढी दोन पुस्तकं, एक सीडी आणि सरावप्रश्नांचा गठ्ठा निघे. सीडीवरचा परदेशी शिक्षक स्वतःच्याच विनोदावर हसे, आणि विनोद कळण्यासाठी विद्यार्थी तेवढा भाग तीनदा मागे नेऊन ऐके. इंटरनेट लावलं की घरचा फोन अडून राही आणि नातेवाईक रुसत. आज तोच अभ्यासक्रम खिशातल्या फोनवर मिळतो, आणि ते चांगलंच आहे. तरीही ओट्याशेजारच्या कॅलेंडरखाली चिकटवलेला, फोडणीचे डाग पडलेला, जाळ्यातल्या पत्त्यांच्या आकडेमोडीचा तक्ता आठवला की मला भरून येतं. इतक्या अडचणीत इतक्या आवडीने शिकणारी माणसं मी नंतर फार पाहिली नाहीत.

असा एक तक्ता नूतन भिसे यांच्या स्वयंपाकघरात होता. नूतन तेव्हा तेहतीस वर्षांची, गावातल्या धर्मादाय रुग्णालयात सात वर्षं केसपेपरच्या खिडकीवर बसलेली. रुग्णालयात संगणक आले तेव्हा तिला तात्पुरतं संगणक विभागात घेतलं गेलं, आणि त्याचं एकमेव कारण म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढणं फक्त तिला जमत असे. पण तिथे तिचा जीव रमला. व्यवस्थापकांनी सांगितलं, मार्चअखेर ते मोठं प्रमाणपत्र आणा, विभागात कायम करू. नाहीतर एक एप्रिलपासून पुन्हा खिडकी. डिसेंबरात तिने घरी अभ्यास करून परीक्षा दिली आणि ती नापास झाली. आता एकच खेप उरली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी ती माडीचा जिना चढून काकांकडे आली. काकांनी तिला पुस्तकातलं काही विचारलं नाही.

"पहिल्या खेपेला कुठं अडलीस?" एवढंच विचारलं.

"वेळ पुरला नाही," नूतन म्हणाली. "प्रात्यक्षिकाचा प्रश्न होता. दोन कार्यालयांचं जाळं बिघडलेलं, ते दुरुस्त करायचं. मी केलं. पण मला वाटलं, एवढ्यात कसं होईल? काहीतरी राहिलं असणार. म्हणून परत सगळं तपासलं, दोन गोष्टी बदलल्या, मग त्या बदलाने तिसरंच बिघडलं. ते निस्तरेपर्यंत पुढचे सहा प्रश्न गेले."

काकांनी कपाटातून एक लांबलचक, कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं. एक्सचेंज नवं झालं तेव्हा जुनी रजिस्टरं रद्दीत निघाली होती. त्या ढिगातून हे एक त्यांनी मागून घेतलं होतं. पुढची निम्मी पानं जुन्या तक्रारींनी भरलेली, मागची कोरी. रकाने छापील होते: तारीख, तक्रार, आढळलेला दोष, केलेली दुरुस्ती, सही, आणि शेवटी तपासणाऱ्याची सही.

"रोज संध्याकाळी सहाला यायचं," काका म्हणाले. "मी दुपारी जाळ्यात काहीतरी करून ठेवीन. तू शोधायचं, दुरुस्त करायचं, इथं लिहायचं आणि सही करायची. मी तपासून शेवटची सही करीन."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. तिला शिकवणी म्हणणंही जरा धाडसाचंच, कारण काका शिकवत काहीच नसत. नूतन आली की ते म्हणत, "आज जरा बघ," आणि काकूंनी निवडायला दिलेली भाजी घेऊन खिडकीशी बसत. एक दिवस एका राउटरचा पत्ता एका आकड्याने चुकलेला असे. एक दिवस निरोप आत-बाहेर जाण्याचं एक दार, म्हणजे पोर्ट, आतून बंद करून ठेवलेलं असे. एकदा तर केबलीच्या टोकाशी आठातली एकच तार तुटलेली होती, आणि पुस्तकावर वाढलेली नूतन तीन दिवस आज्ञावलीतच चूक शोधत राहिली. चौथ्या दिवशी तिने केबल हातात घेतली तेव्हा काका प्रथमच हसले. "सीडीवरच्या केबली कधी तुटत नाहीत," ते म्हणाले, आणि मेथीची जुडी संपवून खाली गेले.

सव्वीस संध्याकाळी अशा गेल्या. रजिस्टरची पानं भरत गेली. पहिल्या आठवड्यात दोष शोधायला तिला दोन तास लागत, तिसऱ्या आठवड्यात वीस मिनिटं. पुढे पुढे ती खुर्चीत बसायच्या आधीच मनात म्हणू लागली, आज पत्ता असेल, नाहीतर मधली वाट. तिला स्वतःचं कौतुक वाटू लागलं होतं, आणि ते योग्यच होतं.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने पुण्याला जायचं होतं. संध्याकाळी सहाला ती माडीवर आली तेव्हा यंत्रं चालू होती. काका गवार निवडत होते.

"आज जरा बघ," ते म्हणाले.

जाळं चालू आहे की नाही ते पाहायला आधी पिंग करतात. पिंग म्हणजे हाक. या टोकाच्या संगणकाने विचारायचं, आहेस का? त्या टोकाच्याने म्हणायचं, आहे. अशा चार हाका संगणक ओळीने मारतो. नूतनने पिंग केलं. पहिल्या हाकेला उत्तर आलं नाही. तिने तिथेच आज्ञा तोडली, "बंद आहे," असं पुटपुटली आणि मधल्या राउटरमध्ये शिरली.

पत्ते बरोबर होते. वाटा बरोबर होत्या. दारं उघडी होती. अर्ध्या तासाने तिला वाटलं, आज शेवटचा दिवस, काकांनी फारच खोल काहीतरी केलेलं दिसतंय. तिने एक वाट बदलून पाहिली. मग एक पत्ता बदलला. मग केबल काढून दुसरी लावली. घाईत ती वेगळ्याच जातीची लागली, हे तिच्या लक्षात आलं नाही. शेवटी, सगळं पहिल्यापासून मांडू म्हणून, तिने मधल्या राउटरमध्ये साठवलेलं सगळं पुसून तो पुन्हा चालू केला. आठ वाजले तेव्हा माडीवरच्या जाळ्यात कुणीच कुणाला ओळखत नव्हतं. उद्या काय होणार ते नूतनला समोर दिसत होतं: एक एप्रिल, खिडकीची जाळी आणि पलीकडून येणारा आवाज, बाई, नाव लिहा.

"काका," ती म्हणाली, "आज नाही जमत. तुम्ही नक्की काय केलंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"दुपारी बटण दाबून यंत्रं चालू केली आणि खाली जाऊन झोपलो," काका म्हणाले. "पहिल्या हाकेला उत्तर आलं नाही. दुसऱ्या हाकेची वाट बघितलीस?"

दोन टोकं आधी एकमेकांशी बोललेली नसली की जाळं पहिली हाक पत्ता शोधण्यातच घालवतं, म्हणून पहिली हाक अनेकदा वाया जाते, दुसरीला उत्तर येतं. हे नूतनला पाठ होतं. पहिल्या पुस्तकात, उजव्या हाताच्या पानावर, चौकटीत दिलेलं होतं. डोळे मिटले तर तिला ती चौकट दिसली असती. पण सव्वीस दिवस रोज काहीतरी बिघडलेलं मिळाल्यावर आज काही बिघडलेलं नसेल, हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता.

"उद्या माझी परीक्षा आहे," ती म्हणाली. "आणि आज तुम्ही माझी थट्टा केलीत."

काकांनी गवारीची परात बाजूला ठेवली.

"नूतन, मी नोकरीला लागलो त्याला तीन वर्षं झाली होती. पावसाळ्याचे दिवस. वरच्या अंगाच्या एका गावातनं तक्रार आली, डॉक्टरांच्या दवाखान्याचा फोन बंद आहे. मी सायकलवर अकरा मैल चढ चढून गेलो. पोचलो तर फोन चालू. कंपाउंडरने रिसीव्हर नीट ठेवला नव्हता, मी पोचेपर्यंत त्याने तो ठेवलाही होता. आता काय करायचं? अकरा मैल आलेला माणूस काही न करता परत जाईल? मला लाज वाटली. मी खांबावर चढलो, तारेचा चांगला जोड उघडला, परत बांधला, आणि रजिस्टरात लिहिलं, जोड खराब होता, बदलला. मी बांधलेल्या त्या जोडात पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी फोन खरोखर बंद पडला आणि ओढ्याला पूर आल्यामुळे चार दिवस तिकडे कुणाला जाता आलं नाही. त्या चार दिवसांत त्या दवाखान्यात कोण आलं, कुणासाठी कुठे फोन लावायचा होता, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. धीर झाला नाही."

खाली काकूंनी कुकरची शिटी काढल्याचा आवाज आला.

"दोष आढळला नाही. तीन शब्द लिहायचे होते, ते मला लिहिता आले नाहीत. पुस्तकं आपल्याला दोष शोधायला शिकवतात, कारण काही बिघडल्याशिवाय धडाच होत नाही. त्यात तू घरी एकटी बसून शिकलेली. क्लासात निदान मास्तर मागे येऊन म्हणतो, झालं तुझं, आता ऊठ. तुझ्या स्वयंपाकघरात तसं म्हणणारं कोण होतं? तुला बिघडलेलं ओळखता येतं, ते मी सव्वीस दिवस बघितलं. चालू असलेलं चालू आहे म्हणून सोडून देता येतं का, तेवढं बघायचं राहिलं होतं. ते तुला तुझं तुलाच म्हणता यायला पाहिजे. उद्या मी तिथे नसणार."

काकांनी रजिस्टर पुढे सरकवलं. नूतनने तारीख लिहिली, आढळलेल्या दोषाच्या रकान्यात ते तीन शब्द लिहिले, आणि सही न करताच पेन मिटवलं. खाली काकूंनी चहा गाळून ठेवला होता. तो न पिता ती गेली. एवढ्या वर्षांनंतर मला ही गोष्ट सांगताना त्या चहापाशी आल्यावर नूतनताई थांबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पुण्यात परीक्षाकेंद्राच्या बाईंनी तिचं घड्याळ आणि पर्स कपाटात ठेवून घेतली आणि काचेच्या खोलीत तिला एका संगणकापुढे बसवलं. प्रश्न येत गेले. मध्यावर ते प्रात्यक्षिक आलंच: दोन कार्यालयं, एकमेकांशी बोलत नाहीत. तिने शोधलं. एका राउटरची परतीची वाट चुकलेली होती. ती दुरुस्त केली आणि पिंग केलं. पहिल्या हाकेला उत्तर नाही.

तिचा हात आज्ञा तोडायला उचललाही होता. तिने तो मांडीवर ठेवला. दुसऱ्या हाकेला उत्तर आलं. तिसऱ्या हाकेला आलं. चौथ्याही.

मग खरी कठीण घटका आली. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पळत होतं आणि तिच्या मनात जुनाच आवाज म्हणत होता, एवढ्यात कसं होईल? परत एकदा सगळं बघ. सात वर्षं खिडकीवर बसलेल्या आणि पार्सलातल्या पुस्तकावर शिकलेल्या बाईला एवढं पटकन कसं जमेल? तिला तेव्हा उमगलं की हा आवाज जाळ्याबद्दल बोलतच नव्हता. तो तिच्याबद्दल बोलत होता. डिसेंबरात तिने जाळं बिघडवलं होतं ते स्वतःत दोष असणारच, या खात्रीने. माडीवर कुणीतरी सव्वीस संध्याकाळी तिला तपासलं होतं आणि रोज शेवटच्या रकान्यात सही केली होती. ती पुढच्या प्रश्नावर गेली.

निकाल तिथल्या तिथे छापून आला, खाली केंद्राचा उठावाचा शिक्का मारून. एसटी स्टँडसमोरच्या बूथवरून तिने काकांना फोन लावला.

"काका, तपासलं," ती म्हणाली. "दोष आढळला नाही."

"मग येऊन सही कर," काका म्हणाले. "कालचा रकाना तसाच पडलाय. आणि चहा राहिलाय तुझा, ही सकाळपासून मला बोलतीय."

ती सरळ तिकडेच गेली. सही केली, चहा प्यायली. माडीवरचं पुसलं गेलेलं जाळं दोघांनी मिळून पुन्हा उभं केलं. एक एप्रिलला ती संगणक विभागात कायम झाली. पुढे तिच्या हाताखाली चार माणसं आली. नवं माणूस आलं की ती त्याला पहिल्या महिन्यात एकदा तरी पूर्णपणे चालू असलेलं यंत्र देते आणि म्हणते, जरा बघ.

काका गेले त्याला आता पाच वर्षं होतील. त्यांचं माडीवरचं सामान कुठल्याशा तंत्रविद्यालयाला दिलं गेलं. रजिस्टर मात्र काकूंनी स्वतः रुग्णालयात आणून नूतनच्या टेबलावर ठेवलं. "हे तुला द्यायला सांगितलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या दिवशी नूतनने आपली सत्तावीस दिवसांची पानं पुन्हा वाचली. मग सहज म्हणून पुढची, एक्सचेंजच्या काळातली पानं उलटली. ती पानं तिने कधी वाचली नव्हती. ढीगभर रजिस्टरांतून काकांनी नेमकं हेच का मागून घेतलं होतं, हे तिला एका पानावर कळलं. एकोणीसशे एकाहत्तरचा जुलै महिना. तक्रारीत एका गावाचं नाव आणि पुढे दवाखाना. आढळलेल्या दोषाखाली फिकट निळ्या शाईत तरुण, टोकदार अक्षर: जोड खराब, बदलला. त्यावर एक सरळ रेघ मारलेली होती. रेघेच्या खाली काळ्या बॉलपेनने, म्हाताऱ्या हाताच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, दोष आढळला नाही. रेघ मारल्याची तारीखही घातली होती. ती तारीख नूतनच्या परीक्षेच्या दिवसाची होती.

ती पुण्याच्या काचेच्या खोलीत बसली होती तेव्हा इकडे माडीवर आणखी एक जण आपला पेपर लिहीत होता. उरलेल्या सगळ्या नोकरीत आणि त्याच्यापुढेही जे जमलं नव्हतं, ते त्याने त्या दिवशी केलं होतं. त्या नोंदीपुढे काकांची जुनी सही होती. तिच्या शेजारचा, तपासणाऱ्याच्या सहीचा रकाना इतकी वर्षं कोराच होता.

नूतनने ती नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा नीट वाचली. मग पेन उघडून त्या कोऱ्या रकान्यात सही केली.